चौदा वर्षं भरली, मग सुटका कधी?

आम्ही वाघोलीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

आमच्या गटातली एक मावशी नगर रस्त्यानं येरवड्याच्या कारागृहात मुलाला भेटायला जाते. मुलाला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली आहे. परवा हप्ता भरताना ती म्हणाली, "दिवाळीला चौदा वर्षं भरतात. पोरगं येईल, खोलीला रंग देऊन घेते." आम्हाला काय बोलावं ते सुचेना. मग माहिती काढली. तीच आज सांगतो.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे, जन्मभर. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे म्हणत होते, की माफीचे दिवस धरून माझी शिक्षा संपली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही.

मग चौदा आले कुठून? १९७८ साली कायद्यात कलम आलं. खुनासारख्या, फाशीही होऊ शकेल अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला कैदी सोडता येत नाही. चांगल्या वागणुकीची माफी त्यात धरत नाहीत. नव्या कायद्यातही हे कायम आहे. म्हणजे चौदा वर्षं हा नुसता उंबरा. दार उघडायचं की नाही, ते सरकार ठरवतं. काही गुन्ह्यांना तर आपल्या राज्याच्या नियमांत चौदाहून जास्त वर्षं लावली आहेत.

ही अट कशाला, असं वाटेल. पण जिच्यावर अत्याचार झाला, तिचाही विचार करा. बिल्किस बानो प्रकरणातले अकरा कैदी गुजरात सरकारनं २०२२ साली सोडले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून तो अधिकार महाराष्ट्राचा होता. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली.

आता कैद्याच्या घरच्यांसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कैदी नियमात बसला की त्यानं अर्ज केला नसला तरी सरकारनं त्याच्या सुटकेचा विचार करायचा, आणि नकार दिला तर कारण कळवायचं. म्हणून "फाइल पुढे सरकवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

मावशीला हे सांगताना जड गेलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "रंग राहू दे. कोर्टाचे कागद कुठं ठेवलेत ते बघते."

सोमवारी आम्ही तिच्याबरोबर जाणार आहोत.