सावित्रीबाईंचे घर आणि आपली महिला सभा

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झरी, जि. परभणी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागे ओट्यावर उभ्या राहिलेल्या लेकीसुनांनो, आधी पुढे येऊन बसा. आज तरी मागे उभे राहायचे नाही.

३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. मुलींच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलतो, चहा होतो आणि कार्यक्रम संपतो. आज मी त्यांच्या शाळेविषयी बोलणार नाही, त्यांच्या घराविषयी बोलणार आहे. पुण्यात गंज पेठेत ते घर आजही आहे. सरकारने ते स्मारक म्हणून जपले आहे. लोक त्याला महात्मा फुले वाडा म्हणतात, समता भूमी असेही म्हणतात. जोतीरावांची समाधी तिथेच आहे. वाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे देशमुखांचा चिरेबंदी वाडा येतो. हे तसे नाही. साधे, बसके घर आहे आणि अंगणात विहीर आहे.

त्या घरात काय काय झाले ते आधी सांगते. शूद्र-अतिशूद्रांना आणि मुलींना शिकवायला लागल्यामुळे १८४९ मध्ये या नवरा-बायकोला जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले होते. ज्यांना घराबाहेर काढले त्यांनी पुढे आपल्या घराची दारे उघडली. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी ब्राह्मण घरातली विधवा पुन्हा लग्न करू शकत नव्हती. घरातल्याच कुणीतरी तिला फसवायचे, दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा उरायच्या, विहीर नाहीतर मुलाचा गळा. अशा बायकांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांची बाळंतपणे सावित्रीबाई करत. १८७४ मध्ये अशाच एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

यातली एक गोष्ट मनात ठेवा. त्या दारात आलेल्या बाईला कुणी विचारले नाही की तुझा नवरा कोण, या मुलाचा बाप कोण. तिचे येणे पुरेसे होते.

आता दुसरी गोष्ट. जोतीराव काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते सरकारने नेमलेले सदस्य होते, लोकांनी निवडून दिलेले नव्हते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागताला एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला, जोतीराव हरले. पण विरोध नोंदला गेला, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण त्याविषयी बोलू शकतो. सभेत बोललेले कागदावर यावे लागते, हे पुढे आपल्याही कामाला येणार आहे.

आणि तिसरी गोष्ट सावित्रीबाईंची. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाला अंत्यविधीचा हक्क आहे की नाही, यावर भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा टिटवे हातात घेऊन सावित्रीबाई स्वतः प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. त्यानंतर त्या घरात बसल्या नाहीत. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला आणि त्यातच त्या गेल्या.

म्हणून अजूनही लोकांना काही गंभीर विचारायचे असले की ते या वाड्यावर जमतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला. त्यानंतर पाचच दिवसांनी, जोतीरावांच्या स्मृतिदिनी, हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिथे आत्मक्लेश उपोषणाला बसले. वय चौऱ्याण्णव. निवडणुकीत पैशाचा पूर आला, मतदान यंत्रांविषयी लोकांच्या मनात शंका आहे, लोकशाहीचे काय होणार, असे त्यांचे प्रश्न होते. तीन दिवस माणसे येत राहिली. शरद पवार आले, उद्धव ठाकरे आले. जिंकलेल्या बाजूचे अजित पवारही आले आणि त्यांनी आपली बाजू तिथेच मांडली. कुणाचे खरे, कुणाचे खोटे, यावर मी आज निकाल देत नाही. हरलेले आणि जिंकलेले एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यासमोर, सगळ्यांच्या देखत, जबाब द्यायला आले, ही चांगली गोष्ट झाली. अशी जागा महाराष्ट्रात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण मैत्रिणींनो, माझा एक प्रश्न राहतोच. त्या दिवसांत राज्यभर, चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत, एकच बोलणे होते, 'लाडक्या बहिणींनी' निकाल फिरवला. कुणी म्हणाले, बायकांनी उपकार फेडले. कुणी म्हणाले, दीड हजारात बायका विकल्या गेल्या. दोघांनाही बायकांना विचारायची गरज वाटली नाही. सगळी चर्चा आपल्याविषयी आणि आपण कुठे होतो? कापूस वेचत होतो.

दीड हजार रुपयांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. तेल, मुलाची वही, सासूचे औषध. ज्या बाईच्या हातात आयुष्यात स्वतःच्या नावाने पैसा आला नाही, तिला त्या पैशाचे मोल आहे, आणि त्यासाठी तिला कुणी हिणवू नये. पण हेही समजून घ्या की तो पैसा कुणा भावाच्या खिशातला नाही. आपण जे विकत घेतो त्यातल्या कराचा तो पैसा आहे. बहीण आज लाडकी असते, उद्या नावडती होते. नागरिक लाडकी नसते आणि नावडतीही नसते. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि राज्यात लाखो बायकांचा हप्ता थांबला. मग ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवरा मेलेला, बाप मेलेला, किंवा नवऱ्याने टाकलेली, अशा बाईने काय करायचे? ओरड झाल्यावर त्यातून मार्ग काढावा लागला. दीडशे वर्षांपूर्वी गंज पेठेतल्या घराने जे विचारले नाही, ते आजच्या यंत्राने पहिल्याच पानावर विचारले. योजना आखताना एखाद्या गावातल्या परित्यक्तांना बोलावून विचारले असते, तर हा घोळ झालाच नसता.

लोकशाहीची चर्चा पुण्यात होते आणि आपल्याला तिच्याशी काय करायचे, असे परभणीत तरी कुणी म्हणू नये. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि धरपकड झाली. पोलिसांनी वस्त्यांत शिरून मारल्याच्या तक्रारी आल्या, त्यात बायकाही होत्या. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेला एक तरुण मेला. त्याची आई गप्प बसली नाही. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. संविधान काय कामाचे, असे कुणी विचारले तर त्या माउलीचे नाव सांगा.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९९३ पासून ग्रामपंचायतीत आपल्याला तेहतीस टक्के जागा मिळाल्या, २०११ पासून निम्म्या. त्याही आधी, १९८९ मध्ये, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने जळगाव जिल्ह्यात विटनेरला आणि यवतमाळकडे मेटीखेड्याला संपूर्ण बायकांच्या पंचायती निवडून आणल्या होत्या. तेव्हा राखीव जागांची वाट कुणी पाहिली नव्हती. आज जागा आहेत, तरी अनेक गावांत बाई सरपंच असते आणि खुर्चीवर नवरा असतो.

पण निवडून येणे हा एकच रस्ता नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे झालेले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. ती महिला सभा बहुतेक ठिकाणी फक्त वहीत होते. अंगणवाडीताई किंवा शिपाई वही घेऊन दारोदार फिरतात आणि आपण चुलीपुढून उठून सही नाहीतर अंगठा देतो. ज्या सभेला आपण गेलो नाही, त्या सभेत आपण हजर! असा अंगठा देऊ नका. जोतीरावांचा विरोध कागदावर राहिला, तशी आपली गैरहजेरीही कागदावर खरी राहू द्या.

दारूचेच पाहा. कायद्याने पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करावे लागते. किती तरी गावांतल्या बायकांनी ते करून दाखवले आहे. ते मत देताना कुणी नवऱ्याचा आधार क्रमांक मागत नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला तीन आठवडे उरले आहेत. त्याआधी महिला सभा कधी, कुठे आणि किती वाजता, हे ग्रामसेवकांना उद्याच लेखी विचारू. सभा देवळाच्या पारावर असली तर सगळ्या वस्त्यांतल्या बायका मोकळेपणी बसत नाहीत, म्हणून ती शाळेत मागू. वेळ दुपारची नको, रोजावर जाणारीला जमत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायका आत्ता फडात आहेत, त्या २६ जानेवारीला येऊ शकणार नाहीत. त्यांचे प्रश्न फोनवर विचारून लिहून घेऊ, आणि १ मेच्या सभेत त्या स्वतः बोलतील असे पाहू. ज्या बायकांचे हप्ते थांबले त्यांची यादी करू. त्यात विधवा आणि टाकलेल्या बायका किती, ते वेगळे लिहू आणि ठराव करून तहसीलला पाठवू.

सही करण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या. जिला वाचता येत नाही तिने लाजू नये, वाचणारीने तिच्याशेजारी बसावे. आज इथून उठण्यापूर्वी प्रत्येक गल्लीतल्या दोघींनी आपली नावे माझ्याकडे द्यावीत. यादीचे काम सोमवारपासून सुरू करायचे आहे.