परतीची किनारवाट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आम्ही उभयतांनी मिळून लिहिलेले व वाचून दाखविलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी प्रवासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. येथे विद्वानांनी, उद्योजकांनी, दात्यांनी भाषणे केलेली आहेत. आम्ही दोघे निवृत्त नोकरदार. एक शाळामास्तर आणि एक बँकेतील कारकून, एवढीच आमची ओळख. परंतु 2023 च्या फाल्गुनात चाकांवरच्या घरातून जो परतीचा प्रवास आम्ही केला, त्यात काही शिकलो. ते आपल्या कुटुंबीयांपुढे ठेवणे हे कर्तव्य समजून उभे आहोत. हे भाषण दोघांचे आहे, म्हणून सर्वत्र ‘आम्ही’ म्हटले आहे. जेथे वेगळे सांगणे भाग पडेल तेथे ‘यजमान’ आणि ‘गृहिणी’ असे म्हणू.

प्रथम गाडीविषयी. युरोपातील निवृत्त दांपत्ये असे फिरते घर घेऊन हिवाळ्यात मोरोक्कोत उतरतात आणि ऊन तापू लागले की किनाऱ्याकिनाऱ्याने टँजिअरला येऊन, जिब्राल्टरची सामुद्रधुनी बोटीने ओलांडून स्वदेशी परततात, असे वाचनात आले होते. तेथील तोडीची गाडी विकत घेणे आमच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून एक जुनी प्रवासी मिनीबस घेतली, परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी काढली आणि आत दोन बाकांचे पलंग, शेगडी, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी व एक लहान मोरी करून घेतली. ज्या कारखान्यात हे काम झाले तेथील नळजोडणी कच्ची निघाली आणि पहिल्याच मुक्कामी रात्री गाद्या भिजल्या. सायकलची जुनी ट्यूब कापून आम्ही तो सांधा बांधला. तो आजतागायत गळलेला नाही.

घरी यजमानांच्या मातोश्री होत्या. वय सत्त्याऐंशी. पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या परिसरातील आमच्या गावी धाकट्या दिरांपाशी त्या राहत. त्यांना सोडून महिनाभर जावे की नाही, यावरून घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आईच म्हणाल्या, “माझ्या पायाशी बसून माझे वय काही कमी होणार नाही. जा. मात्र पाडव्याची गुढी तुमच्या हातची हवी.” त्या वर्षी पाडवा 22 मार्चला होता. ही तारीख मनाशी बांधून आम्ही कोल्हापूरमार्गे तळकोकणात उतरलो आणि रेडीपासून उत्तरेकडे, म्हणजे घराकडे, तोंड फिरविले.

रेडीपासून रेवसपर्यंतची ही किनारवाट आपल्यापैकी अनेकांनी तुकड्यातुकड्यांनी पाहिली असेल. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, गणपतीपुळे ही नावे सर्वांच्या ओठी आहेत. त्यांचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. या वाटेला खाड्या आडव्या येतात, आणि खाड्यांनीच आम्हांस धडे दिले. आमच्या प्रवासात जयगडहून तवसाळला जाताना शास्त्री नदी, धोपाव्याहून दाभोळला जाताना वाशिष्ठी, वेसवीहून बागमांडल्यास जाताना सावित्री आणि दिघीहून आगरदांड्यास जाताना राजपुरीची खाडी, या चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागली.

आपण घाटावरची माणसे पाण्याला विहिरीच्या मापाने ओळखतो. समुद्राचे पाणी घड्याळ पाळते, हे आम्ही धोपाव्यास शिकलो. भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि प्रत्येक दिवशी सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार थोडा. होळी होऊन तीन दिवस झाले होते. गावोगाव शिमग्याच्या पालख्या फिरत होत्या. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर पोहोचलो तो पाणी अगदी खाली गेलेले. मोटारी चढत होत्या, परंतु आमच्या गाडीकडे पाहून खलाशाने हात आडवा केला. मागच्या चाकांपलीकडे आमच्या गाडीचे शेपूट लांब आहे. उताराचा कोन तीव्र असला की पुढची चाके बोटीवर चढतात आणि शेपूट धक्क्याला घासते. यजमानांनी हुज्जत घातली. तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, बोट माझी आहे, पण पाणी माझे नाही. सकाळी दहानंतर या.”

त्या रात्री धक्क्याजवळच्या एका कोळी कुटुंबाने आम्हांस आपल्या अंगणात गाडी उभी करू दिली. त्यांच्या घरी पालखी येऊन गेली होती. त्यांनी नारळ फोडून प्रसाद दिला, विहिरीचे पाणी दिले, रात्री भाकरी व कालवण दिले. आम्ही शाकाहारी आहोत हे कळताच त्या माउलीने वेगळ्या भांड्यात वालाची उसळ केली. आमचे गाव विचारले, मुलेबाळे विचारली, आईंचे वय विचारले. जात विचारली नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पाणी वर आले, धक्का व बोट जवळजवळ एका पातळीत आली आणि गाडी न घासता आत गेली. आदल्या दिवशीच्या हुज्जतीची यजमानांस लाज वाटली.

पुढे मुरुडास जंजिरा दिसला. हा किल्ला ज्या सिद्दींचा, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. नगरकरांस हा इतिहास परका नाही. हबसाणात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जात जात निजामशाहीच्या पेशव्याच्या पदरी आला आणि पुढे त्याने स्वतःच ती दौलत 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांविरुद्ध सांभाळली. रेवदंडा-चौलास आलो तेव्हा तर आपल्याच गावच्या वेशीत आल्यासारखे वाटले, कारण चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर होते. येथील पोर्तुगिजांस हुसकावण्यासाठी मुर्तजा निजामशहाने 1570-71 मध्ये वेढा घातला, तो फसला. ज्या बंदरात आपल्या नगरासाठी माल उतरत असे, तेथूनच सह्याद्री चढून घरी जायचे, या कल्पनेने आम्ही हरखून गेलो होतो. आठ दिवस हाताशी होते. चौलास दोन दिवस राहावे असे ठरले.

त्याच रात्री अकरा वाजता धाकट्या दिरांचा फोन आला. आईंना धाप लागली होती आणि त्यांना नगरच्या एका दवाखान्यात हलविले होते. डॉक्टर काही सांगत नव्हते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. यजमानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया ‘प्रवास झाल्यावर’ म्हणून लांबविली होती. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की त्यांना रस्ता दिसत नसे. गृहिणींनी परवाना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी काढला होता, परंतु ही गाडी त्यांनी मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळाच चालविली होती, आणि तीही दिवसा. यजमान हट्टाने चालकाच्या जागेवर बसले. गृहिणी दार उघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, आईंना भेटायचे आहे ना? मग खाली उतरा.” चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या थोड्या शब्दांत आमचा वाद कधी मिटला नव्हता.

अलिबाग, वडखळ, पेण, खोपोली, कर्जत, मुरबाड अशी ती रात्र गेली. पहाटे साडेचारला माळशेजच्या पायथ्याशी पोहोचलो. घाटात वळणे, पुढे अवजड मालमोटारी, आणि हात थकलेले. आता खरा कठीण प्रश्न आला. तसेच वर चढावे की उजाडण्याची वाट पाहावी? दवाखान्यात आई, आणि येथे आपण स्वस्थ बसलेले! पण धोपाव्याच्या खलाशाचे शब्द आठवले. एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी लावली. गृहिणी दीड तास झोपल्या. यजमान त्यांच्या उशाशी जागे बसले. ती प्रतीक्षा आमच्या आयुष्यातील सर्वांत लांब प्रतीक्षा होती. तांबडे फुटताच दुसऱ्या गियरात घाट चढलो. आळेफाट्याला चहा घेतला, टाकळी ढोकेश्वरावरून जाताना आमच्या गावाच्या फाट्याकडे न पाहता पुढे गेलो आणि दहाच्या सुमारास नगरला पोहोचलो.

आईंच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांनी डोळे उघडले, सुनेकडे पाहिले आणि विचारले, “गाडी कोणी आणली?” सून म्हणाली, “मी.” आई म्हणाल्या, “मग ठीक आहे.”

सुदैवाने पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. पाडव्याची गुढी आमच्याच हातांनी उभारली गेली. त्या दिवशी अंगणात उभ्या गाडीत त्यांना बसविले. त्यांनी शेगडी पाहिली, मोरी पाहिली, ट्यूबने बांधलेला नळ पाहून त्या हसल्या. पुढे अकरा महिने त्या आम्हांस लाभल्या.

सहाशे-सातशे वर्षांपूर्वी इब्न बतूता नावाचा प्रवासी उत्तर आफ्रिकेच्या टँजिअर गावाहून 1325 मध्ये, एकविसाव्या वर्षी निघाला. तो आपल्या देवगिरी-दौलताबादेसही येऊन गेला. चोवीस वर्षांनी, 1349 मध्ये, काही जलमार्गाने व काही खुष्कीने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने तो घराकडे परतला. वडील गेल्याची वार्ता त्याला दमास्कसला आधीच मिळाली होती. घर हाकेच्या अंतरावर आले असता, आईही महामारीत गेल्याचे त्यास कळले. सारे जग पाहिलेल्या त्या माणसाला तेवढी भेट साधली नाही. आम्हांस साधली. यात आमची थोरवी काही नाही. एका स्त्रीने गाडी चालविणे शिकून ठेवले होते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवून रजा घेतो. पहिली, आपल्या लेकीसुनांना मोटार चालविण्यास शिकवा. शिकून झाल्यावर किल्ली त्यांच्या हाती द्या, भिंतीवरच्या खिळ्याला नको. दुसरी, डोळ्यांची शस्त्रक्रिया प्रवासासाठी लांबवू नका. आमचा निष्काळजीपणा आपण करू नये. तिसरी विनंती थोडी धीटपणे करतो. आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहाचे आवार सुटीत रिकामे असते. रात्री रस्त्यात अडलेल्या प्रवाशाला तेथे गाडी उभी करण्यास जागा व एक घागर पाणी मिळावे, आणि त्याचे गाव, मुलेबाळे, आईवडील यांची जरूर चौकशी व्हावी. परंतु धोपाव्याच्या त्या माउलीने आम्हांस जे विचारले नाही, ते आपणही त्यास विचारू नये.