तास तिच्या नावावर

(उमरी, जि. नांदेड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मेळाव्यात विमानाचा विषय कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आपले विषय पाण्याचे, रोजगार हमीचे, दारूचे, टाकून दिलेल्या बायकांचे. पण मागच्या बैठकीनंतर एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बारावी सायन्स झालेली, वैमानिक व्हायचं म्हणते. शहरातल्या एका मध्यस्थानं वडलांना सांगितलं होतं : पहिला परवाना युरोपातल्या एका देशात, लेखी परीक्षा दुसऱ्या देशात, उरलेले तास तिसऱ्या देशात, जिथं स्वस्त तिथं जायचं. त्यासाठी शेत विकायचं चाललं होतं. आई म्हणाली, "ताई, यात खरं किती, तेवढं बघून द्या."

आम्ही कागद घेऊन बसलो. त्यात अर्धं खरं निघालं.

युरोपीय संघातल्या देशांचे नियम सामाईक आहेत. तिथं शिक्षणाचे टप्पे सुटे करता येतात. आधी खासगी वैमानिकाचा परवाना, मग मोठ्या विमानांसाठीच्या तेरा विषयांच्या लेखी परीक्षा, मग तास वाढवणं, उपकरणांवर विसंबून उडणं, दोन इंजिनांचं विमान, शेवटी व्यावसायिक परवाना. हे टप्पे वेगवेगळ्या देशांत करता येतात. पण तेराही परीक्षा एकाच देशाच्या अधिकाराखाली द्याव्या लागतात, त्याही पहिल्या प्रयत्नापासून अठरा महिन्यांत, आणि प्रत्येकीत ७५ टक्के हवेत. ब्रिटन २०२१ पासून या व्यवस्थेबाहेर आहे. तिथला परवाना वेगळा.

मध्यस्थानं न सांगितलेली गोष्ट याहून मोठी. तो परवाना घेऊन आली की इथं लगेच नोकरी नाही. तो भारतीय करून घ्यावा लागतो : इथल्या परीक्षा, इथली वैद्यकीय तपासणी, परदेशातून कागदांची खातरजमा. हे महिने आणि हा पैसा त्याच्या हिशेबात नव्हता. भारतातच शिकायचं तर २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी तिची. बारामती, गोंदिया, धुळे इथं शाळा आहेत. खर्च तरीही चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो.

आता कुणी म्हणेल, मग मुलीनं हा नाद सोडावा. मी तसं म्हणत नाही.

सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला परवाना मिळवला, तेव्हा त्यांच्या पदरात लहान मूल होतं. १९३९ मध्ये वैमानिक नवरा अपघातात गेला. त्या व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेल्या, तर महायुद्ध सुरू झालं आणि शिक्षण थांबलं. तो परवाना राहूनच गेला. प्रेम माथूर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवला, पण बाई म्हणून कंपन्या नाकारत गेल्या. त्यांना घेतलं ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. आपली उमरीही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होती. पुढे १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता-सिलचर विमान नेलं. कर्मचारी सगळ्या बायका. आज भारतात शंभर वैमानिकांत पंधराच्या आसपास बायका आहेत, जगात पाचेक.

म्हणजे मुलीला जमेल का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला. प्रश्न आहे तो शिक्षण मध्येच थांबण्याचा. मुलाचं अडलं तर घर आणखी एक तुकडा विकतं. मुलीचं अडलं की म्हणतात, "आता पुरे, स्थळं बघू." मग कर्ज डोक्यावर, परवाना अर्धा, आणि दोष तिच्या हौसेला.

म्हणून त्या घरी आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. एक, फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी. तिथंच अडलं तर शेत तरी वाचेल. दोन, पूर्ण हिशेब कागदावर. परत आल्यावरचा खर्चही धरून. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे, एकरकमी नाही. तीन, वडलांशी बोलणं. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. शिक्षणासाठी काढला तो तिचा हक्क, उपकार नव्हे. लग्नात हुंडा देऊन तोच वाटा दुसऱ्याच्या घरात जातो, तेव्हा कुणी हिशेब मागत नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी तपासणी करून येऊ." शेत अजून विकलेलं नाही, मुलीनंही विषय सोडलेला नाही.

वैमानिकाजवळ एक वही असते. प्रत्येक उड्डाणाचा तास तीत तिच्या नावावर लिहिला जातो. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं भांडतोय! या वहीतलं नाव सासरी गेल्यावरही बदलून दुसऱ्याचं होत नाही. अशी मुलगी तुमच्या गावात असेल तर तिला हसू नका, घाईही करू देऊ नका. तिच्यासोबत कागद वाचायला बसा.