समीकरणाच्या मुळांचा शोध

वर्गसमीकरण सोडविण्याचें सूत्र शाळेंत शिकलेल्या बहुतेकांस पाठ असतें. समीकरणांत अव्यक्ताचा घन आला कीं मात्र विद्यार्थी अडखळतो आणि मनास येईल तो अंक घालून पाहूं लागतो. एक, दोन, अर्धा, पाऊण! अपूर्णांक तर अनंत. मग या चांचपडण्यास अंत कोठें? तो अंत दाखविणारा एक लहानसा नियम बीजगणितांत आहे.

श्रोत्यांनीं पेन्सिल घेऊन पुढील समीकरण उतरून घ्यावें: २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ०. सर्व सहगुणक पूर्णांक असले, शेवटचें पद शून्य नसलें आणि समीकरणास एखादें परिमेय मूळ असलें, तर अतिसंक्षिप्त रूपांत त्या मुळाचा अंश शेवटच्या पदाचा, येथें ६ चा, भाजक असलाच पाहिजे. आणि छेद पहिल्या सहगुणकाचा, येथें २ चा.

याचें कारण सोपें आहे. मुळाची किंमत घालून सर्व पदांस छेदाच्या घनानें गुणलें, म्हणजे पहिल्या तिन्ही पदांत अंश हा अवयव राहतो. बेरीज शून्य असल्यामुळें चौथ्या पदासहि अंशानें भाग गेला पाहिजे. तें पद म्हणजे ६ आणि छेदाचा घन यांचा गुणाकार. अंश व छेद यांत सामाईक अवयव नाहीं. तेव्हां भाग ६ लाच जावयास हवा. हाच युक्तिवाद दुसऱ्या टोंकाकडून केला कीं छेदाविषयींचें विधान सिद्ध होतें.

आतां १, २, ३, ६, १/२ आणि ३/२, धन किंवा ऋण, असे अवघे बारा उमेदवार उरले. ३ घालतांच ५४ − २७ − ३३ + ६ म्हणजे शून्य येतें. उरलेलें वर्गसमीकरण १/२ आणि −२ हीं मुळें देतें. शेवटच्या पदाचे भाजक तपासावे, हें देकार्तनें १६३७ सालीं आपल्या भूमितीवरील ग्रंथांत सांगितलें होतें.

परंतु सर्वच उमेदवार नापास झाले तर? मग परिमेय मूळ नाहींच, असें निःशंकपणें म्हणतां येतें. आणि या नकाराचें मोल फार मोठें आहे. खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनीं कोणत्याहि कोनाचे तीन समान भाग करावे, हा प्राचीन ग्रीक भूमितिज्ञांचा प्रश्न दोन हजार वर्षें सुटला नव्हता. ६० अंशांचा कोन घेतला, तर तिसरा भाग २० अंशांचा. त्याच्या कोज्येची दुप्पट क्ष³ − ३क्ष − १ = ० या समीकरणाचें मूळ आहे. येथें उमेदवार दोनच: १ घातल्यास −३ येतात, −१ घातल्यास १ येतो. शून्य कोठेंच नाहीं.

पट्टी व कंपास यांनीं मिळणाऱ्या लांब्या पुनःपुन्हा वर्गमूळ काढूनच येतात. आणि ज्या पूर्णांकी त्रिघात समीकरणास परिमेय मूळ नाहीं, त्याचें कोणतेंहि मूळ त्या मार्गानें मिळत नाहीं. वान्त्सेल या फ्रेंच गणितज्ञानें १८३७ सालीं हें दाखविलें, आणि ६० अंशांच्या कोनाचें तसें त्रिभाजन अशक्य ठरलें.

आजहि त्रिभाजन साधल्याचा दावा करणारे हौशी निघतात. त्यांच्या चिकाटीस दोष नाहीं. परंतु ते दोन उमेदवार तपासून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि वान्त्सेलचा युक्तिवाद समजून घेतला तर आयुष्याचे श्रम वांचतात. जें नाहीं तें नाहीं असें खात्रीनें कळणें, हेंहि ज्ञानच होय.