परदेशी प्रवेशाचा हिशेब



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एम. आय. टी.त, बारावीनंतर प्रवेश मिळेल काय, असे आपली काही हुशार मुले विचारतात. उत्तर आकड्यांनीच दिलेले बरे. 2024 साली सुमारे 28 हजार अर्ज आले. निवड झाली 1284 जणांची, म्हणजे शंभरात पाचांचीही नाही. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवतात. त्यामुळे त्यांच्यासाठी हे प्रमाण आणखी कमी आहे.

मग गरिबाच्या मुलाने अर्जच करू नये काय? जरूर करावा. निवड करताना तेथे बापाची ऐपत पाहत नाहीत. प्रवेश मिळाल्यास कुटुंबाला न झेपणारा खर्च संस्था उचलते, आणि ही सोय परदेशी मुलांनाही आहे. तेव्हा पैशाच्या भीतीने मागे हटू नका. मात्र जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालासाठी जमीनही विकू नका.

तयारी नववीपासून हवी. सॅट किंवा ॲक्ट परीक्षा द्यावी लागते. शिफारसपत्रे दोन शिक्षकांची लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या, दुसरे भाषा किंवा समाजशास्त्रांच्या. म्हणून भाषेचा तास कमी लेखू नका. तेथील पदवी वर्गांत जवळजवळ निम्म्या मुली आहेत, हे मुलींच्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

त्याचबरोबर जेईई आणि सीईटीचा अभ्यास सोडू नये. एक दार उघडले नाही, तरी पक्के केलेले गणित दुसऱ्या दारी उपयोगी पडतेच.