तारेचाही पूर मोजावा लागतो

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं.

श्रोतेहो, मी नेटवर्कच्या कामातला माणूस. आमच्याकडेही अशी मोजपट्टी आहे. इथरनेट १९७३ साली अमेरिकेत जन्मलं, ते एका इमारतीतले संगणक जोडायला. तार बिघडली तर खुर्चीवरून उठून बघायचं. पुढे सेवा कंपन्यांनी तेच तंत्र गावोगाव नेलं, आणि उठून बघायचं म्हणजे जीप काढणं आलं. म्हणून २००४ साली ‘८०२.३ एएच’ हे मानक आलं. तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रं साधारणपणे सेकंदाला एकदा एकमेकांना साद देतात. पाच सेकंद उत्तर नाही, तर संपर्क तुटला असं धरतात. खराब आलेल्या चौकटी मोजतात आणि संख्या मर्यादेबाहेर गेली की पलीकडे कळवतात. वीज जाताना यंत्र एक शेवटचा निरोपही धाडतं. त्याला इंजिनिअर ‘अखेरची धाप’ म्हणतात! तेवढ्यावरून कळतं की जनरेटरला डिझेल पाठवायचं की केबल जोडणारी माणसं.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. त्याआधी दोन दिवस शिरोळ तालुक्यातल्या एका दवाखान्यातून फोन येत होते, “साहेब, रिपोर्ट अर्धेच उघडतात.” मी पडद्यावर बघायचो, दिवा हिरवा. “लाइन चालू आहे,” असं मीच सांगितलं. केबल पुलाजवळ वाकली होती, चुका वाढत होत्या, यंत्र त्या मोजतही होतं. पण रात्री-अपरात्री घंटा वाजते म्हणून उन्हाळ्यात ती मर्यादा मीच भरमसाट वाढवून ठेवली होती. लाइन पुरती तुटली तोवर शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. माणसं तयार होती, जायला वाट नव्हती. दवाखान्याचे रिपोर्ट कागदावर, होडीतून गेले.

हे मानक शेजारच्या टोकापुरतंच बघतं, हेही सांगायला हवं. मधे पाच यंत्रं असली तर थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला २००७ चं ‘८०२.१ एजी’ लागतं. पण आमच्या चुकीला ती सबब नव्हती.

पूर ओसरल्यावर मी मर्यादा खाली आणली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागलं, तेव्हा पहाटे तीनला घंटा वाजली. घरचे वैतागले. महामार्ग बंद व्हायच्या आत आमची माणसं नदीपलीकडे पोचली होती.