धनी बदलतांना



पुण्यांतील एक निवृत्त गृहस्थ अमेरिकेंतील आपल्या मुलाशीं दूरध्वनीवर बोलत आहेत, अशी कल्पना करा. मुलगा कचेरींतील जाच सांगतो. वडील सहज म्हणतात, "अरे, पटत नसेल तर टाक राजीनामा आणि धर दुसरी नोकरी!" पलीकडे शांतता पसरते. त्या शांततेचा अर्थ आज सांगावयाचा आहे.

हा मुलगा तेथें 'एच-वन-बी' व्हिसावर राहतो. १९९० च्या कायद्यानें आलेला हा परवाना विशेष शिक्षण लागणाऱ्या कामांसाठीं असून त्याची मुदत एका वेळीं तीन वर्षांपर्यंत व एकंदर सामान्यतः सहा वर्षें असते. दरवर्षीं असे ६५,००० नवे परवाने, आणि अमेरिकन विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,०००, अशी मर्यादा असून इच्छुक अधिक असल्यानें सोडत काढावी लागते. परंतु मर्म निराळेंच आहे. अर्ज नोकर करीत नाहीं, धनी करतो. परवाना माणसाचा खरा. पण अमुक धन्याकडे अमुक काम करण्यापुरताच.

मग धनी बदलतांच येत नाहीं काय? येतो. नव्या धन्यानें प्रथम मजूर खात्याकडून वेतनादि अटींचा दाखला घ्यावयाचा व मग स्वतःचा अर्ज दाखल करावयाचा. २००० सालच्या कायद्यानें अशी सवलत दिली कीं, नोकराचें वास्तव्य कायदेशीर असेल तर हा अर्ज दाखल होतांच त्यानें नव्या कामावर रुजू व्हावें. मंजुरीची वाट पाहावयास नको. मर्यादेंत एकदां मोजला गेलेला मनुष्य पुन्हा सोडतींतही पडत नाहीं. विद्यापीठासारख्या मर्यादेबाहेरील संस्थेंतून खाजगी धंद्यांत जाणाऱ्याला मात्र ती चुकत नाहीं.

तेव्हां सारी खुबी क्रमांत आहे : आधीं अर्ज, मग राजीनामा. त्यांतही धोका उरतोच. अर्ज नामंजूर झाला तर नवें काम थांबतें, आणि जुनें तर आधींच सुटलेलें असतें. म्हणून सावध मनुष्य शक्य तर मंजुरीपर्यंत जुनी जागा सोडीत नाहीं.

आणि धन्यानेंच काढून टाकलें तर? २०१७ पासून अमलांत आलेल्या नियमानें फार तर ६० दिवसांची सवड मिळते. परवान्याची मुदत त्याआधीं संपत असेल तर तितकीच. तेवढ्यांत नवा धनी शोधून त्याचा अर्ज दाखल व्हावा लागतो. घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, सारें त्या ६० दिवसांना टांगलेलें असतें.

कायम वास्तव्याची आशा हा आणखी एक पाश. एका देशाच्या लोकांना साधारणपणें शेंकडा सातच जागा, त्यामुळें हिंदी लोकांची रांग अनेक वर्षांची. नव्या धन्याला ती खटपट बहुधा पुन्हा मुळापासून करावी लागते. दिलासा इतकाच कीं, जुन्या धन्याचा त्यासंबंधींचा अर्ज मंजूर झालेला असेल तर रांगेंतील जुनी तारीख सामान्यतः कायम राहते.

तात्पर्य, कायद्यानें दार ठेविलें आहे. पण त्याची किल्ली नोकराच्या हातीं नसून पुढच्या धन्याच्या हातीं आहे. तेव्हां मुलगा गप्प झाला तर त्याला भित्रा म्हणूं नका. "राजीनामा टाक" म्हणण्यापूर्वीं एवढेंच विचारा : "बाळ, नव्या धन्यानें अर्ज दाखल केला का? पावती आली का?" या प्रश्नानें त्याचा जाच कमी होणार नाहीं, पण आपली अडचण घरीं कळली आहे, एवढा धीर त्याला खास मिळेल.